सासूबाई नाटक करतात का? चहा विसरतात, पण जुनं सगळं आठवतं

इंदिरानगरचं एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सासूबाई पंचाहत्तरीच्या, सकाळी दोनदा चहा घेतात आणि अकराच्या सुमाराला शेजारच्या काकूंना सांगतात की सुनेने अजून चहा विचारला नाही. सून सांगता सांगता रडायलाच लागली, कारण याच सासूबाई १९९१ च्या सिंहस्थात घरी कोण कोण पाहुणे उतरले होते ते नावानिशी सांगतात आणि पोळ्या अजूनही गोल, मऊसूत लाटतात. "मॅडम, सोयीचं तेवढं बरं आठवतं!" नवरा म्हणाला, आईचा स्वभावच तसा.

हा प्रश्न मला फार घरांतून येतो आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण आजाराला आपण स्वभाव म्हणतो आणि घरात वर्षानुवर्षं कटुता साठते.

आजची गोष्ट लक्षात राहायला कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस लागतो. जुन्या आठवणी मात्र हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून पक्क्या होतात, आणि हाताला बसलेली सवय तर तिसरीकडेच, बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या पेशींच्या गाठी आणि मागचा छोटा मेंदू, यांत. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचं फिट्ससाठी १९५३ मध्ये ऑपरेशन झालं, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना, वर्षानुवर्षं तपासणाऱ्या ब्रेंडा मिल्नर बाईसुद्धा त्याला दरवेळी नव्याच. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला आठवायचं नाही. यात कसलं नाटक?

मग मी विचारलं, चालताना काही? तेव्हा सून म्हणाली, हो ना, दारातल्या काळ्या पायपुसण्यावर पायच ठेवत नाहीत, खड्डा आहे म्हणतात, कप ओट्याच्या कडेला अर्धा बाहेर ठेवतात, आणि चष्म्याचा नंबर तर नुकताच तपासलाय. डोळे बघतात, पण अंतर आणि खोली समजायचं काम मेंदूचा वरचा-मागचा भाग करतो. हे ऐकल्यावर मी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे अल्झायमरचं निदान झालं, त्यात हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा भाग बहुतेक वेळा आधी बिघडतो आणि हालचालीचे आणि सवयीचे भाग बराच काळ शाबूत राहतात, म्हणून पोळ्या जमतात.

सुनेला मी एकच गोष्ट परत परत सांगितली. "आत्ताच तर दिला!" असं ओरडलात तर ओरडणं त्या विसरतील, पण मन दुखावलेलं तसंच राहील, कारण भावना धरून ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. त्यापेक्षा अर्धा कप परत द्या, "आठवतंय का?" अशी परीक्षा घेऊ नका, पायपुसणं फिक्या रंगाचं आणा, पोळ्या त्यांनाच करू द्या, फक्त गॅसजवळ कोणीतरी थांबा. आणि काकूंना आजाराचं नीट सांगा, तिथेच तुमची जास्त बदनामी होतेय.

नवऱ्याने विचारलं, बरं होईल का? खोटा धीर मी देत नाही. औषधाने काहींना थोडे दिवस फरक पडतो, आजार जात नाही. पण विसरणं दरवेळी अल्झायमरच असतं असं नाही, बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं, म्हणून तुमच्या घरात असं कोणी असेल तर भांडायच्या आधी या दोन रक्ततपासण्या करून घ्या.