कोटुनाइट हे खनिज कसं असतं, त्याला हे नाव का पडलं, आणि पुण्याच्या आसपास मिळेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वाघोलीच्या खाणींत फिरू नका. तिथे बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट मिळतात, निळाशार कॅव्हन्साइट मिळतो. कोटुनाइट म्हणजे शिशाचं क्लोराइड (लेड क्लोराइड), ते तिथलं नाही. पण बारावी सायन्स केली असेल, तर तुम्ही ते पाहिलंय.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी वर्षानुवर्षं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतली. सॉल्ट ॲनालिसिस आठवा, पहिला गट. शिशाच्या क्षाराच्या द्रावणात डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की पांढरा पीपीटी, म्हणजे तळाशी बसणारा साका. उकळवलं की गायब, पाणी नितळ. मुलं घाईने ट्यूब नळाखाली धरायची आणि हाती नुसता चुरा यायचा. तीच स्टँडला ठेवून चहा पिऊन आलात की आत लखलखत्या सुया! थंड पाण्यात लेड क्लोराइड लिटरला जेमतेम १० ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात ३३ च्या आसपास. फरकाच्या सुया होतात. लॅबमधल्याला खनिज म्हणत नाहीत, त्यासाठी ते निसर्गात तयार व्हावं लागतं. पण माल तोच.

निसर्गात हे काम ज्वालामुखी करतो. तप्त वायूंबरोबर शिशाचं क्लोराइड वर येतं आणि भेगेच्या तोंडाशी थेट स्फटिक होऊन बसतं. रंगहीन किंवा पांढरं, कधी पिवळट. चकाकी हिऱ्यासारखी, पण कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर दोनच्या आत-बाहेर, म्हणजे नखानेही ओरखडा उठेल. वजनाला मात्र भारी: घनता ५.८, गारगोटीच्या दुपटीहून जास्त.

नावाची गंमत वेगळीच. इटलीतल्या नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरच्या या खनिजाला १८२५ साली मोंतिचेल्ली आणि कोवेल्ली यांनी नाव दिलं ते नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो (१७३६–१८२२) यांचं, लॅटिनमध्ये कोतुनियस. हे गृहस्थ डॉक्टर! आतल्या कानात हवा नसून द्रव असतो हे दाखवणारे, सायटिकाचं नीट वर्णन करणारे. खनिजाशी संबंध फक्त आदरापुरता. आपला कॅव्हन्साइट त्यापेक्षा सरळ: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, यांची आद्याक्षरं जोडली की झालं नाव.

आणि कुणाकडून नमुना विकत घेतलाच, तर गरम पाण्याने धुऊ नका. खनिज जाईल, वर बेसिनमध्ये शिसं.