चाळीसगावात राहून नवे इंडी रॉक बँड कसे शोधायचे, आणि त्यांच्या गाण्यांवर रिव्ह्यू लिहायचा तर कसा?

भाऊ, प्रश्नाखाली तू लिहिलंय की एस.वाय.ला आहे, मित्रांत कोणी रॉक ऐकत नाही आणि ॲप तीच ती दहा गाणी फिरवून फिरवून लावतं. तुला अरेतुरे करतोय, राग मानू नको, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे. मी जळगावचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे केळीवाल्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी भरून द्यायच्या. या कामात हात अडकलेले आणि कान मोकळे. वीसेक वर्षं असंच ऐकतोय, आणि ऐकलेल्यावर आठ-नऊ वर्षांपासून लिहितोय पण. वाचणारे फार नाहीत, पण बँडवाली पोरं वाचतात कारण त्यांच्यावर लिहिणारं दुसरं कोणी नसतंच.

आपल्याकडे पहिली अडचण 'बँड' या शब्दाचीच आहे. घरी सांगितलं की नवीन बँड सापडला, तर आई विचारते कोणाच्या लग्नात. आणि खरं सांगू का, एप्रिल-मेमधे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत कोट घालून क्लॅरिनेट वाजवणारा माणूस मला कुठल्याही गिटारवाल्यापेक्षा जास्त रॉक वाटतो. असो.

आता शोधायचं कसं. इंडी म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे. ॲपवर रागावू नको, त्याचं काम वेगळं आहे. लोकांनी जे आधी ऐकलंय त्यावरून ते पुढचं सुचवतं, आणि नव्या बँडला कोणी ऐकलेलंच नसतं, तर ते सुचवणार काय डोंबल. म्हणून मी गाणं धरत नाही, माणूस धरतो. एक बँड आवडला की बघायचं ड्रम कोणी वाजवला, मिक्स कोणी केलं म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कोणी जुळवले, बेसवाला अजून कुठे वाजवतो. मुंबईचा झीरो नावाचा बँड घे, जुना आहे. त्याचा गिटारवाला वॉरेन मेंडोन्सा, त्याचा मागोवा घेतला की ब्लॅकस्ट्रॅटब्लूज सापडतं, सगळं बिनशब्दांचं, नुसती गिटार. ड्रमवाला सिड कुटो, त्याच्या मागे गेलास की टफ ऑन टोबॅको. एका बँडचे तीन झाले आणि तिन्ही एकमेकांसारखे नाहीत. तसंच दिल्लीचं पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, नावात कंपनी असली तरी बँडच आहे तो, त्याचा गायक सूर्यकांत साहनी लिफाफा या नावाने एकटा इलेक्ट्रॉनिक गाणी करतो, ती हिंदीत आहेत आणि बँडपेक्षा पार निराळी. पेंटाग्रामवाला विशाल ददलानी सगळ्यांना टीव्हीमुळे माहितीये, पण त्याच बँडचा गिटारवाला रँडॉल्फ कोरिया, त्याने मोनिका डोगराबरोबर शायर अँड फंक केलं हे किती जणांना माहितीये. ॲपमधे गाण्यावर तीन टिंब असतात, त्यात क्रेडिट दिसतात, तिथून सुरुवात कर. पुष्कळदा तिथे अर्धवटच असतं, मग बँडच्या इन्स्टाच्या पोस्ट खरवडायच्या, रिलीजच्या दिवशी ते सगळ्यांना टॅग करून आभार मानतात. मिक्सिंग करणारी नावं त्यातून मिळतात आणि मिक्स करणारा माणूस हा खजिना असतो भो, त्याच्याकडे वर्षाला पंधरा-वीस नवे बँड येऊन जातात.

आमच्या वेळी हे काम मासिक करायचं. अमित सैगलने 1993 मधे अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल सुरू केलं, मुंबई-दिल्लीहून नाही, अलाहाबादहून, हे मला अजून भारी वाटतं, मग जळगाव-चाळीसगावने कशाला लाजायचं. माझा मावसभाऊ पुण्याला इंजिनियरिंगला होता, तो सुटीत जुने अंक आणायचा, बँड ऐकायच्या आधी मी त्यांच्याबद्दल वाचलेलं असायचं. कधीकधी वाचून जे डोक्यात वाजायचं ते खऱ्या गाण्यापेक्षा चांगलं निघायचं.

आता बँडकॅम्प नावाची वेबसाइट आहे, बँड तिथे आपली गाणी स्वतः विकतात. तिथे शहराच्या नावाने टॅग असतात, पुणे टाक, शिलाँग टाक, कोलकाता टाक, आणि नवीन आलेलं आधी दाखव असं निवड. बहुतेक अल्बम फुकट पूर्ण ऐकता येतात आणि घ्यायचा तर डाउनलोडमधून बँडकॅम्प साधारण 15 टक्के ठेवतं, बाकी पेमेंटवाल्याचं कमिशन जाऊन बँडला. मार्च 2020 पासून काही शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात, मी खरेदी त्याच दिवसांसाठी राखून ठेवतो, दोन-तीनशे रुपयाचीच असते पण. उलट स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्याचा रेकॉर्डिंगचा पैसाच मिळत नाही. म्हणजे तू तिथे नव्या पोरांचं गाणं ऐकलंस तर त्यांना एक पैसाही गेला नसेल असं होऊ शकतं.

अजून एक जागा, कॉलेजांच्या स्पर्धा. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमधे लाइववायर नावाची बँड स्पर्धा असते, असल्या स्पर्धांत जिंकलेला सोड, फायनलला येऊन हरलेले शोध. प्रत्यक्ष बघायचं तर आपल्याला पुण्याशिवाय गत नाही. 2010 ला पुण्यात पहिला एनएच7 वीकेंडर नावाचा म्युझिक फेस्टिव्हल झाला तेव्हा मी महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो होतो, रात्रभर दारापाशी बसून. तेव्हा शिकलो ते असं की दुपारी तीनला जायचं, उन्हात, लहान स्टेजवर, समोर तीस माणसं आणि त्यातली दहा बँडच्याच घरची. रात्रीच्या मोठ्या नावाला सगळेच असतात, तिथे तू नसलास तरी चालतं.

आता लिहायचं. इथे माझी झालेली फजिती आधी सांगतो. मे महिना, पुण्याच्या एका बँडचा पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आला होता, नाव सांगत नाही. मी दुकानात काम करता करता चारदा ऐकला आणि रात्री गच्चीवर बसून मोठ्या तोऱ्यात लिहिलं की गाणी चांगली आहेत पण पोकळ वाटतात, एक गिटार अजून पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा मेसेज, "दादा, डावा इअरफोन चालू आहे ना?" बघतो तर डाव्याची वायर जॅकपाशी तुटलेली. दुसरी गिटार तिथेच होती, पूर्ण डाव्या बाजूला. मी वायरी जोडून पोट भरतो आणि माझीच वायर तुटलेली. पोस्ट काढली नाही, खाली लिहून टाकलं काय झालं ते, लोकांनी आठवडाभर मजा घेतली.

तेव्हापासून एक सवय आहे. रॉकमधे गिटारचा एकच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे ठेवतात, त्याने आवाज रुंद वाटतो. म्हणून एकदा चांगल्या हेडफोनवर दोन्ही कान तपासून ऐकायचं, एकदा दुकानातल्या डबा स्पीकरवर, आणि एकदा बायकोच्या जुन्या मोबाइलवर, ज्याला एकच स्पीकर आहे. घरी मिक्स करणारी पोरं कधीकधी आवाज रुंद करायचा प्लगिन जास्त लावतात, मग डावं-उजवं एकत्र आलं की ते एकमेकाला खाऊन टाकतात आणि मोबाइलवर गिटार गायब होते. हे बँडला सांगितलं तर त्यांना खरंच उपयोग होतो. 'मन हेलावून टाकणारा अनुभव' लिहिलं तर त्याचं ते काय करतील, स्टोरीला लावतील.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. गिटारचा पिकअप म्हणजे काय तर लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हजारो वेढे, आपल्या मोटारीच्या कॉइलची चुलत बहीण. एक कॉइलवाला पिकअप असला तर तो आजूबाजूच्या विजेची घूं पण पकडतो. ही घूं मारायलाच 1955 मधे गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हरने दोन कॉइल उलटसुलट जोडून हमबकर नावाचा पिकअप बनवला. आपल्या लाइनीला 50 हर्ट्झ, अमेरिकेत 60, त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत घूं ऐकू आली की मला आधी घरचं वाटतं. तर असलं काही ऐकलं की मी 'खराब रेकॉर्डिंग' लिहित नाही, कुठे काय आहे ते लिहितो, मिनिट-सेकंद टाकून. ड्रमचं पण तसंच, खरा ड्रम रेकॉर्ड करायचा तर सहा-आठ माइक आणि बरी खोली पाहिजे, ती कुठून आणणार, म्हणून कॉम्प्युटरवर ड्रम लिहितात. स्नेअरचा, म्हणजे त्या कडक आवाजाच्या ड्रमचा, प्रत्येक फटका एकसारखा, टाइपरायटरसारखा वाटला तर ते त्याचं लक्षण. पण त्यावर हसण्याआधी बघ की गाण्याला ते शोभतंय का, काहींना शोभतं. आवाज नुसता मोठा केलेला असला तर मात्र मी बोलतो, कारण स्पॉटिफाय तसंही सगळं -14 लफ्सच्या (लफ्स हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणजे मास्टरिंगमधे, शेवटचा हात फिरवताना, गाणं दाबून चेपून मोठं केलंय ते वाया, फक्त जीव गेला.

'अमक्या इंग्लिश बँडसारखं वाटतं' हे वाक्य मी पहिल्या दोन वर्षांत इतकं लिहिलं की आता लाज वाटते, त्याने वाचणाऱ्याला तू काय काय ऐकलंय एवढंच कळतं. आणि न आवडलेल्याचं काय करायचं, तर माझं असं आहे की पहिल्याच डेमोची चिरफाड करत नाही, गप्प बसतो. अल्बम विकायला काढला असेल तर मग स्पष्ट लिहितो. मधे एकाने विचारलं दादा रिव्ह्यूचा रेट काय, मी म्हटलं मोटार भरायचा रेट आहे, तो सांगू का.

भाषेचा एक मुद्दा, रॉक इंग्लिशमधेच पाहिजे असं नाही. बंगालीत मोहिनेर घोडागुली 1970 च्या दशकातच उभे राहिले होते, मल्याळममधे अवियल आहे, बंगळूरच्या परवाझमधला खालिद अहमद काश्मिरी आणि उर्दूत गातो, मुंबईचे अभंग रिपोस्ट अभंगांना ड्रम-बेस लावतात. आपल्याकडे अहिराणी गाणी यूट्यूबवर धो धो चालतात पण सगळी डीजेवर, लग्नात नाचायला, त्यात वाईट काही नाही, मी पण नाचतो. पण गिटार घेऊन रागाने अहिराणीत ओरडलेलं एक गाणं मला अजून सापडलं नाही. तुला सापडलं तर रात्री दोनला पण पाठव.

आणि कोणी व्हॉट्सॲपवर गाणं पाठवत असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागव, आणि एमपी3 नको, ती दाबून लहान केलेली असते, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल पाहिजे म्हण, नाहीतर झांजा पाण्यात वाजल्यासारख्या येतात आणि तू बिचाऱ्या ड्रमरला दोष देशील. मागच्या आठवड्यात शिरपूरच्या चार पोरांनी डेमो पाठवलाय, तीन गाणी. दुसरं चांगलं आहे, बेसवाला तर फारच. तिसऱ्यात सुरुवातीचे सात सेकंद नुसती घूं आहे, त्यांना वाटतंय ॲम्प खराब आहे, माझा संशय घराच्या अर्थिंगवर आहे. म्हणून अजून काही लिहिलं नाही, रविवारी टेस्टर घेऊन जातोय.