हापूस विक्रीची वेबसाईट गूगलवर दिसत नाही : एजन्सीला पैसे द्यावेत की वेबसाईट नीट करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : देवगड तालुक्यात घरची कलमं आहेत, आंबा थेट गिऱ्हाईकाला विकता, वेबसाईट करून घेतली आहे, ती एकच लांबलचक पान आहे, आणि ‘देवगड हापूस’ टाकून शोधलं तर ती कुठेच सापडत नाही. आता एक एजन्सी दरमहा पैसे घेऊन पहिल्या नंबरवर आणून देते म्हणतेय. द्यावेत का?

नका देऊ. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. हमी देणारा माणूस तिथेच बाद होतो. मी कोल्हापूर-रत्नागिरी भागातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाईट बांधतो, आणि तुमच्यासारख्या ठिकाणी नव्वद टक्के काम मालकाने घरी बसून करण्यासारखंच असतं, असं माझं ठाम मत आहे. कारण लागणारी माहिती एजन्सीकडे नसते, ती तुमच्याकडे असते.

आधी एक तपासणी करा. गूगलच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘साइट’ (site) लिहा, त्याला चिकटून कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाईटचा पत्ता. काहीच आलं नाही, तर गूगलने तुमचं पान नोंदवलेलंच नाही असं बहुधा समजायला हरकत नाही. वेबसाईट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बांधलेली असेल तर तिच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. सर्च इंजिनांनी ही साईट नोंदवू नये, अशा अर्थाची एक चौकट तिथे असते. साईट बांधताना ती टिक केली जाते आणि काम संपल्यावर काढायची राहून जाते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की नवीन माणूस आला की सगळ्यात आधी तेच बघतो. मग गूगल सर्च कन्सोलमध्ये साईट जोडून घ्या. तुमची साईट गूगलवर कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं ते साधन फुकट आहे. साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या पानांची यादी, तिथे द्या आणि पान नोंदलंय की नाही, नसल्यास का नाही, हेही तिथेच वाचा.

पण खरं दुखणं एकपानी रचनेत आहे. गूगल शोधणाऱ्यासमोर वेबसाईट ठेवत नाही, पान ठेवतं. एका पानाला एकच शीर्षक असतं, आणि ते पान ठळकपणे एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं. तुमच्या पानावर बागेची माहिती, भाव, फोटो, फोन नंबर, सगळं एकाखाली एक आहे. वरच्या मेनूवर क्लिक केलं की त्याच पानावर खाली सरकतं. म्हणजे दिसायला पाच विभाग, पण गूगलच्या हिशेबी पान एकच, आणि बऱ्याच साईटांवर त्याचं शीर्षकही नुसतं ‘होम’ असतं.

‘देवगड हापूस’ या दोन शब्दांवर मोठे विक्रेते आणि ऑनलाईन बाजार जुने ठाण मांडून बसले आहेत. त्यांच्याशी तिथे टक्कर घेण्यात पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातील. तुमचं गिऱ्हाईक त्याहून लांब प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये आधीच पडून आहेत. गेल्या हंगामातले मेसेज उघडा आणि वहीत उतरवून काढा. ‘दादा, ५ डझनची पेटी कितीला?’ ‘कच्चा येतो की पिकलेला?’ ‘कोथरूडला घरपोच मिळेल का?’ ‘साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर बदलून देता का?’ ‘हा खरा देवगडच कशावरून?’ ‘कार्बाइड वापरत नाही ना?’ ही वही म्हणजेच तुमच्या वेबसाईटचा आराखडा.

मुखपृष्ठ छोटं ठेवा : तुम्ही कोण, बाग कुठे, काय विकता, आणि तिथून पुढच्या पानांचे दुवे. पेटीचं एक स्वतंत्र पान, भाव-वजन-मागणी सगळं तिथे. घरपोच कुठे-कुठे आणि कधी, याचं एक पान. आंबा कसा उतरवतो आणि पिकवतो, याचं एक. खरा देवगड कसा ओळखायचा, याचं एक. खराब फळाची भरपाई आणि संपर्क. एवढ्यावर छोट्या आंबा विक्रेत्याचं भागतं. यातलं कुठलंही पान मुखपृष्ठावरून एका टिचकीत उघडायला हवं, आणि पानांनी एकमेकांकडे बोट दाखवायला हवं. पिकवण्याच्या पानावर ‘पेटी मागवा’ हा दुवा हवा, पेटीच्या पानावर ‘आंबा घरी कसा पिकवायचा’ हा. दुव्यावर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका, पुढच्या पानावर काय आहे ते लिहा. गूगल ते शब्द वाचूनही पुढचं पान कशाबद्दल आहे हे ओळखतं.

पेटीच्या पानाचं शीर्षक मी असं देईन : ‘देवगड हापूस, ५ डझन पेटी, बागेतून थेट पुणे-मुंबई घरपोच’. आणि खाली मजकूर काहीसा असा : ‘आंबा चौदा आणे तयार झाल्यावरच उतरवतो. पेटी पोचते तेव्हा फळ कच्चं असतं. पेटी लगेच उघडा, आंबे गवतावर किंवा कागदावर एका थरात पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका. साल पिवळी पडून वास सुटला आणि फळ बोटाला जरा मऊ लागलं की खायला घ्या.’ यात एकही शब्द गूगलसाठी घुसवलेला नाही, तरी ‘हापूस घरी कसा पिकवायचा’ विचारणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पंधरा वेळा ‘बेस्ट देवगड हापूस’ लिहिलेलं पान वाचवतही नाही आणि चालतही नाही. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शोधशब्दांची यादी, तर गूगल क्रमवारीसाठी बघतच नाही. हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी तो भरायचे पैसे घेणारे अजून भेटतात.

खरा देवगड ओळखण्याच्या पानावर जीआयबद्दल, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल, जरूर लिहा. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर ते प्रमाणपत्र तिथे दाखवा. पिकवण्याच्या पानावर हेही सांगा की कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे आणि तुमची अढी कशी असते. अढीचा फोटो द्या, स्वतःच्या मोबाइलवर काढलेला. ‘अमेरिकेला पाठवता का?’ हेही पुष्कळ जण विचारत असतील. विकिरण प्रक्रिया झाल्याशिवाय आपला ताजा आंबा तिकडे जात नाही, त्यामुळे घरगुती पार्सल शक्य नाही. हे एका ओळीत लिहून टाका, तुमचे फोन वाचतील. त्यातल्या अनेकांना पुण्यातल्या आई-वडिलांकडे पेटी पाठवायची असते, म्हणून त्यापुढे घरपोचच्या पानाचा दुवा द्या.

हंगामी धंद्यात एक गोष्ट फार नुकसान करते. दरवर्षी नवीन पान काढायचं, पत्त्यात साल घालायचं, आणि जूनमध्ये माल संपला की पान उडवायचं. त्या पानाला वर्षभरात जी काही पत आली असेल, कुणी दुवा दिला असेल, ती सगळी पानाबरोबर जाते आणि पुढच्या मार्चला तुम्ही पुन्हा शून्यावर. पान एकच ठेवा, पत्ता कायमचा एकच, त्यात साल नको. जूनमध्ये भाव काढून ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या मार्चसाठी नाव नोंदवा’ एवढं लिहा. आधीची साल घातलेली पानं असतील तर ती ३०१ रीडायरेक्टने या पानाकडे वळवा. वेबसाईट करणाऱ्याला एवढं सांगितलं तरी त्याला समजेल.

दुसरी चूक एजन्सी हमखास करायला लावेल : ‘पुण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’, ‘सांगलीत हापूस’, शहराचं नाव बदलून तीच तीच पानं. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना स्पष्ट मनाई आहे. तुम्ही घरपोचच्या एकाच पानावर तक्ता करा : शहर, गाडी कोणत्या वारी निघते, पार्सल दारात मिळतं की ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात, भाडं किती. हे गिऱ्हाईकाच्या कामाचं आहे. विकतच्या बॅकलिंकचंही, म्हणजे दुसऱ्या साईटांवरून तुमच्याकडे येणाऱ्या दुव्यांचंही, तेच. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीत आणलेला ‘पेंग्विन’ नावाचा बदल त्यांच्याच मागे लागला होता, आणि आज तर त्या लिंक बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित होतात. म्हणजे पैसे पाण्यात.

भावाचा फलक चित्र करून टाकू नका. व्हॉट्सअॅपवर ते ठीक आहे, वेबसाईटवर भाव अक्षरांत लिहा, म्हणजे गूगललाही वाचता येतो आणि तुम्हाला रोज बदलताही येतो. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, आकार कमी करा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते, आणि गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच बघतं. मजकूर मराठीत लिहा, पण शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात ‘अल्फान्सो मँगो’ रोमन लिपीतही येऊ द्या, कारण बरेच मराठी लोक शोधताना इंग्रजी कीबोर्डच वापरतात. पानाचा पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग होते आणि लोक घाबरून उघडत नाहीत.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद, काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. गिऱ्हाईक बागेवर येत नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग टाकता येतात, वीसपर्यंत. नाव पाटीवर आहे तेच द्या, त्याला ‘बेस्ट मँगो’ वगैरे शेपूट जोडू नका. गिऱ्हाईकांकडे परीक्षणं (रिव्ह्यू) मागा, पण सवलतीच्या बदल्यात नको, ते नियमात बसत नाही. आणि वेबसाईट म्हणून प्रोफाइलबरोबर मिळणारं फुकटचं पान वापरत असाल, तर गूगलने ती पानं मार्च २०२४ मध्ये बंद केली आहेत. तो पत्ता कार्डावर, पेटीवर छापलेला असेल तर बदलून घ्या.

वेळेचा हिशेब असा धरा. अशा सुधारणांचं फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलकडूनच सांगितलं गेलं आहे. तुमचा माल मार्च ते मे. म्हणजे पावसाळा संपताच पानं तयार हवीत, मोहोर यायच्या आत. फेब्रुवारीत धावपळ करून त्या हंगामाला फारसा उपयोग होत नाही. मग सर्च कन्सोलमध्ये लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा तुमचं पान दिसलं, ते बघत जा. तिथे १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडून बघता येतो. पान दिसतंय पण कुणी उघडत नाही, असं असेल तर शीर्षक बदला. लोक असा काही प्रश्न विचारताहेत ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, तर ते लिहा.

डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, हेही आजच बघा. वेबसाईट करणाऱ्याच्या नावावर असेल तर गोडीत बोलून स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर करून घ्या. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलचे मालकही तुम्हीच रहा, बाकीच्यांना फक्त वापरायची परवानगी द्या. पुढे कधी एजन्सी नेमलीत, तर कोणत्या पानावर काय बदल केला, हे दरमहा लेखी मागा.