एकट्या पाटकऱ्याचा पाट

साक्री, जि. धुळे

प्रिय मित्रा,

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीतली चार पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार करून दिलेली सॉफ्टवेअरं, एकट्याने सांभाळतोयस, हे मोठ्या हौसेनं कळवलंस. कौतुक आहेच, पण वाचताना कपाळाला आठीही पडली.

मीही हेच केलं होतं. एका छोट्या लायब्ररीचं पॅकेज सात वर्षं माझ्याकडे होतं. कपाशीची वेचणी, आईचं दुखणं, नोकरी, या रगाड्यात एक बग अकरा महिने पडून राहिला. कुणी पॅचही, म्हणजे त्यावरची दुरुस्ती, करून दिला होता, तो लावायला मला सवड नव्हती. डेबियनमध्ये यासाठी सोय आहे: मदत हवी तर आरएफएच, कुणी दत्तक घ्यावं असं वाटलं तर आरएफए, अगदीच जमेना तर पॅकेज अनाथ जाहीर करायचं. मी यातलं काहीच केलं नाही. लाज वाटली, दुसरं काय! शेवटी एकानं एनएमयू करून, म्हणजे स्वतः त्या पॅकेजचा मेंटेनर (सांभाळणारा) नसताना अपलोड करून, तो बग मिटवला. आधी राग आला. मग डिफ, म्हणजे त्यानं नेमकं काय बदललं ते, वाचला. माझ्या हातून इतकं नीट झालं नसतं.

पांझरा नदीवरची फड पद्धत, सगळ्यांनी मिळून पाटाचं पाणी शेतांना द्यायची, तुला ठाऊक आहे. पाणी देणारा पाटकरी वेगळा, पिकं राखणारा जागल्या वेगळा, पाटातला गाळ काढायला सगळेच. पाटकरी तापानं पडला म्हणून फड वाळत नाही. तेव्हा पॅकेज टीमच्या नावावर कर, सोर्स साल्सावर, म्हणजे डेबियनच्या सामायिक कोड-साइटवर ठेव, आणि डोक्यातल्या खाचाखोचा पॅकेजमधल्या रीडमी डॉट सोर्स या फाइलमध्ये उतरव.

माणसं जोडताना मात्र घाई नको. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थकलेल्या एकट्या मेंटेनरला ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोनेक वर्षं मदत केली, आणि दुसरीच नावं ‘नवा मेंटेनर घ्या’ म्हणून मागे लागली. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. तीही एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला खटकलं म्हणून. कुणावर विश्वासच टाकू नये, असं लोक यावरून म्हणतात. मला उलट वाटतं. सोबतीला आधीपासून दोन-तीन ओळखीची माणसं असती, तर त्या तगाद्यापुढे तो मेंटेनर एकटा सापडला नसता.

चारांपैकी सगळ्यात जड कोणतं जातंय, ते कळव. रविवारी ये, त्याचं आरएफएच दोघं बसून लिहू. भरताची वांगी आली आहेत, जेवूनच जा.

तुझा,
काका