लॅपटॉप कपाटात का आहे, हे तिला विचारलंत का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलला राहते. प्रवेशाच्या वेळी दुकानदाराच्या सल्ल्याने ९२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यांवर घेऊन दिला. अजून ७ हप्ते बाकी आहेत. जपून वापर म्हणून दर फोनला सांगतो. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर लॅपटॉप कपाटात. विचारलं तर ‘जड आहे’ म्हणाली. तिला पुढे एआयमध्ये जायचं आहे. आता कॉलेजला न्यायला साठ-पासष्ट हजारांचा हलका दुसरा लॅपटॉप घ्यायचं मी ठरवलं आहे. त्या बदल्यात सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी) ९ च्या वर आणि किमान १० लाखांचं पॅकेज, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. कोणता घ्यावा? आणि ती त्यावर काय करते हे घरबसल्या दिसेल असं काही त्यात टाकता येईल का?
– एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार.

तुमच्या पत्रात लॅपटॉपची किंमत आहे, हप्ते आहेत, पॅकेज आहे. मुलीचे शब्द मात्र दोनच. दुसरा लॅपटॉप तिने मागितला, असंही कुठे लिहिलेलं नाही. ठरवलंत तुम्ही, अटी घातल्यात तुम्ही, आणि आता मॉडेल मी सांगायचं.

तिची तक्रार खोटी नाही. १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो, वर त्या विटेएवढ्या चार्जरचं वजन. चार्जर खोलीवर ठेवून जावं तर बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते आणि वर्गातले प्लग पॉइंट पहिल्या पाच मिनिटांत अडवलेले असतात. हे सगळं पाठीवर घेऊन बसमध्ये उभं राहायचं. पण निव्वळ वजनाला मुलं इतकी भीत नाहीत. कुरकुरत का होईना, नेतात. कपाटात बंद होतं ते बहुतेकदा धास्तीपोटी. कँटीनमध्ये कुणाचा चहा सांडला, गर्दीत स्क्रीनला तडा गेला, लॅबमधून बॅगच गेली, तर घरी काय सांगायचं? ज्या वस्तूचे हप्ते दर फोनला कानावर पडतात, ती वस्तू शहाणी मुलगी बाहेर काढतच नाही. तिने तुमचं ऐकलं आहे हो. जपून वापर म्हणालात, ती अगदी जपून वापरते आहे.

अशा मुलीच्या हातात साठ हजारांचा आणखी एक लॅपटॉप दिलात तर तोही पहिल्याच्या शेजारी कपाटात जाईल. माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. कदाचित तिला खरंच फक्त वजनाचा त्रास असेल, कदाचित लॅबमधल्या मशीनवर तिचं काम भागत असेल. म्हणून आधी तिला विचारा. ‘का वापरत नाहीस?’ असं उलटतपासणीच्या सुरात नको. ‘तुला रोज कशावर काम करायला बरं पडतं?’ असं विचारा आणि ती बोलेल तेवढा वेळ गप्प बसा.

आता त्या कबुलीबद्दल. ती मागे घ्या, आजच, फोन करून. सीजीपीए काही अंशी तरी तिच्या हातात आहे, पॅकेज नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये मोठ्या आयटी कंपन्यांनी कॅम्पसवरची भरती आखडती घेतली, तेव्हा उत्तम गुणांची मुलंही नेमणुकीची वाट पाहत बसली होती. ती काय लॅपटॉप नव्हता म्हणून? जे तिच्या हातात नाही ते तिच्याकडून लिहून घ्यायचं आणि वर त्याला प्रोत्साहन म्हणायचं, हे मला पटत नाही. शिक्षणाला लागणारं साधन बिनशर्त द्यावं, नाहीतर परवडत नाही म्हणून मोकळं सांगावं. दोन्हीत कमीपणा नाही.

एक गैरसमज मात्र नीट काढून टाकायला हवा, कारण त्याच्याच पायी तुमचे ९२ हजार गेले. कॉम्प्युटर आणि त्यातून एआय म्हटलं की ग्राफिक्स कार्डवालं दणदणीत मशीन लागतं, हलक्यावर कोडिंग होत नाही, असं दुकानदार सांगतात आणि आपण मान डोलावतो. दुसऱ्या वर्षाला असतं काय? डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, मायक्रोप्रोसेसर. दोन-तीनशे ओळींचा सी++ प्रोग्रॅम आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवरही क्षणात कंपाइल होतो. तिथे कामाला येते ती रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), ग्राफिक्स कार्ड नाही. अँड्रॉइड ॲप बनवायला घेतलं, तर १६ जीबी रॅम हवी. कार्ड तिथेही लागत नाही. एआयची मॉडेलं शिकवायला कार्ड लागतं हे खरं, पण ते स्वतःच्या मांडीवर असण्याची गरज नाही. गुगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइट विद्यार्थ्यांना ब्राउझरमधून मर्यादित वेळ फुकट जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचीच चिप, वापरू देतात. शिवाय तुमचं ते महागडं मशीन खोलीवर चालू ठेवून कॉलेजातून हलक्या लॅपटॉपने त्याला जोडून घेता येतं. होस्टेलचं आणि कॉलेजचं नेटवर्क आड आलं नाही, तर जड काम तिकडे चालतं आणि इकडे फक्त टाइप करायचं. म्हणजे पहिला लॅपटॉप वाया गेलेला नाही, त्याला टेबलावर जागा द्या. (एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा असो की कंपन्यांच्या ॲप्टिट्यूड परीक्षा, तयारीला कुठलाही चालू लॅपटॉप पुरतो.)

दुसरा हवाच असं तिने सांगितलं, तर नवा नको. कंपन्यांच्या वापरातून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, बिझनेस लॅपटॉप घ्या, डेलचा लॅटिट्यूड ७४९० किंवा लेनोव्होचा थिंकपॅड टी-४८० या जातीचा. तुमच्या बजेटच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. ७४९० साधारण दीड किलोच्या आत बसतो, टी-४८० किंचित जड, पण त्याची मागची बॅटरी बाहेरून बदलता येते. दोन्हींची रॅम नंतर वाढवता येते. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डावरच जडवलेली असते, ८ जीबी घेतलीत की ८ वरच अडकलात. दोन्ही टाइप-सी चार्जरवर चालतात. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच घ्या. त्याआधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वस्त दिसतो म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा गळ्यात मारतात, तिथे ठाम नाही म्हणा. दुकानातच कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ क्षमतेपैकी किती उरली ते त्यात दिसतं. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हेही बघा.

कुणी पाहुणा मॅकबुक एअर सुचवेल. वजन आणि बॅटरी झकास, पण मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला एक्स-८६ असेंब्ली (इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरची थेट भाषा) असेल तर मॅकबुकमधल्या ॲपलच्या एम-मालिकेच्या चिपवर ती सरळ चालत नाही, खटपट करावी लागते. स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपलाही थोड्याफार फरकाने हीच अडचण. कीबोर्ड जोडलेला टॅब नोट्सपुरता ठीक.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. स्क्रीन घरून दिसेल असं सॉफ्टवेअर असतं, पण मी नाव सांगणार नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीवर अशी पाळत ठेवायची तर तिच्यावर कसला संशय आहे ते आधी तिच्या तोंडावर बोला. संशय नसेल, नुसती काळजी असेल, तर काळजीला फोन आहे. आणि हे गुपचूप टाकलंत तर तिला कळणार नाही असं समजू नका. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच शिकते आहे.

खरेदी सेमिस्टरची परीक्षा झाल्यावर करा, ऐन परीक्षेत नव्या मशीनवर सगळं बसवत बसायला नको. दुकानात तिला एकटीला किंवा मैत्रिणीबरोबर जाऊ द्या, पैसे तिच्या खात्यावर टाका. जीएसटीचं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्यायला सांगा, आणि ते दोन्ही कागद तिच्याकडेच राहू द्या.