एचडीआर फोटो खोटे असतात का? काहींना ते सुंदर वाटतात, काहींना भडक, असं का?

नाही, एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून केलेला फोटो) खोटं नाही. डोळ्यांना खुपतं ते नंतरचं अती टोन मॅपिंग, म्हणजे जोडलेला उजेड-अंधार पडद्यावर किंवा प्रिंटवर मावेल असा बसवणं. देवळाचा अंधारा सभामंडप आणि दाराबाहेरचं दुपारचं ऊन एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही, म्हणून दोन-तीन फ्रेम जोडाव्या लागतात. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५०च्या दशकातच समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हमधून एका प्रिंटवर आणले होते. तरीही ‘भडक’ म्हणणारे पुष्कळदा बरोबर असतात. सॉफ्टवेअर प्रत्येक भाग शेजारच्या भागाच्या तुलनेत उजळ किंवा गडद करतं; हे जोरात केलं की कळसाभोवती पांढरट वलय उमटतं, ढग काळवंडतात आणि सावल्या सपाट होऊन दगडाचा भरीवपणाच जातो. हा भरीवपणा जपायलाच हवा. त्यासाठी असं करा:

- ट्रायपॉड, आयएसओ १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). अ‍ॅपर्चर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम.
- −२, ०, +२ ईव्ही (एक्स्पोजरचं माप; एक ईव्ही म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन फ्रेम, फक्त शटर स्पीड बदलून. दाराबाहेरचं ऊन तरीही जळत असेल तर −४ची एक वाढवा.
- जोडल्यावर हायलाइट्स खाली, शॅडोज थोड्याच वर. क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) फार वाढवली की वलय दिसू लागतं. कळसाची कड १०० टक्के झूमवर तपासा.
- हलणारी पानं, माणसं दुहेरी दिसतात. तिथे सॉफ्टवेअरमधलं डीघोस्ट (दुहेरी प्रतिमा काढणारी सोय) वापरा किंवा तो भाग एकाच फ्रेममधून घ्या.

मात्र बातमीसाठी किंवा स्पर्धेसाठी फोटो देणार असाल तर आधी नियम वाचा. अनेक ठिकाणी फ्रेम जोडायला बंदी असते.