फॅन बदलण्याआधी आवाज ओळखा

लॅपटॉपचा आवाज वाढला म्हणजे फॅन गेलाच असं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या ठिकाणी खिडकीजवळ वापरत असाल तर आधी मागचं झाकण काढून फॅन आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीच्या) मधली फट बघा. तिथे धुळीची जाड गादी साचते, हवा अडते आणि फॅन सतत पूर्ण वेगाने पळतो. ती गादी चिमट्याने काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा, नाहीतर चांगलं बेअरिंगही (फॅन ज्यावर फिरतो तो भाग) बिघडू शकतं.

साफ करूनही सुरू होताना करकर येतेय? मग बहुधा बेअरिंग झिजलंय. तेल सोडू नका, थोड्याच दिवसांत आवाज परत येतो. नवा फॅन स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर नको. दोन असतील तर डावा-उजवा बहुधा वेगळा असतो.

सफाई असो की फॅन बदलणं, झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी काढा. फॅनची वायर ओढू नका. सॉकेट बोर्डावरून उखडलं तर काम कैक पटीने वाढतं. कनेक्टर दोन्ही कडांनी थोडा थोडा सरकवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डाकडे फुगवटा येतो, म्हणून स्क्रू कागदावर जागेप्रमाणे चिकटवा. हीटसिंक उचलावा लागला तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावा आणि स्क्रू त्यांच्या शेजारच्या आकड्यांच्या क्रमाने आवळा.